रावसाचं सॅल्मन कसं झालं

नवी मुंबईत ‘म्युटेशन’ हा शब्द कानावर पडला, तर तो बहुधा जीवशास्त्राचा नसतो. करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली, गोठिवली या गावांत तो सात-बाराच्या उताऱ्याचा सोबती. जमीन बापाच्या नावावरून मुलांच्या नावावर गेली की गाव नमुना ६ मध्ये नोंद पडते. इंग्रजीत ती म्युटेशन एंट्री, मराठीत फेरफार. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. तेव्हापासून फेरफाराचे क्रमांक तोंडपाठ असलेले आजोबा इथे गल्लोगल्ली सापडतात.

त्याच लॅटिन शब्दाला जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘उत्परिवर्तन’ म्हणतात. ‘वर्तना’पुढे दोन उपसर्ग जुंपले, तेव्हा कुठे गाडं हललं. मला विचाराल तर जनुकांनाही ‘फेरफार’च शोभला असता. दोन्हीकडे बदल घडतो तो वारसाच्या वेळी, एका पिढीकडून दुसरीकडे हवाला जाताना. अडचण एवढीच की मराठीत हिशेबातही फेरफार होतो, मतदारयादीतही होतो, आणि त्याला हेतू असतो. जनुकांतल्या बदलाला हेतू नसतो. नक्कल उतरवताना अक्षर चुकलं, इतकंच. परिभाषा घडवणाऱ्यांनी कदाचित म्हणूनच हा शब्द टाळला असेल.

माशांत हा फेरफार किती वेगानं होतो आणि माशांच्या नावांत किती वेगानं, हे दोन्ही प्रश्न एकत्र घ्यायला कारण झाला रावस.

दिवाळ्याच्या बाजारात फळीवर आडवा पडलेला रावस ओळखायला वेळ लागत नाही. अंग चंदेरी, नाक तोंडाच्या पुढे आलेलं, डोळ्यावर चरबीचा पारदर्शक पडदा. कोळीण कल्ला उचलून ताजेपणा दाखवते तेव्हा खालच्या बाजूला, छातीच्या पराजवळ, चार सुटे धागे लोंबताना दिसतात. गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाहत नाही, कारण तुकड्या पाडताना ते आधीच उडवले जातात. पण माशाची खरी सही तीच आहे. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा, म्हणून रावस या धाग्यांनी तळ चाचपतो. १८०४ साली जॉर्ज शॉनं त्याला ‘टेट्राडॅक्टिलस’ म्हटलं, म्हणजे चार बोटांचा. पुढे १८६२ मध्ये डच शास्त्रज्ञ ब्लीकरनं त्याच्यासाठी ‘एल्युथेरोनेमा’ हे नाव काढलं, म्हणजे सुट्या धाग्यांचा. याच घराण्यातल्या दाढ्याला पाच धागे, शेंड्यांना सात. नावातच बोटं मोजून ठेवलेली असल्यावर फसायचं काही कारण नव्हतं.

तरीही फ्रीझरमधल्या पाकिटावर, घरपोच मासळीच्या ॲपवर, हॉटेलच्या मेनूकार्डावर रावस म्हणजे ‘इंडियन सॅल्मन’. बंगालीत हाच मासा गुर्जाली, तमिळमध्ये काला. कोणत्याही किनाऱ्यावरच्या कोळ्याला याच्यात सॅल्मन दिसला नाही. दिसला तो साहेबाला. घरापासून हजारो मैलांवर आलेला माणूस चवीला आणि आकाराला जवळ वाटेल त्या माशाला गावाकडचं नाव देतो. इंग्रजांनी हे भारतभर केलं. नदीतल्या एका चपळ माशाला, रायामास बोलाला, ते ‘इंडियन ट्राउट’ म्हणत. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी रावसाच्या भाऊबंदांना ‘ब्लू सॅल्मन’, ‘किंग सॅल्मन’ केलं आणि भलत्याच एका माशाला ‘ऑस्ट्रेलियन सॅल्मन’. मुंबईत साहेब गेला, नाव राहिलं. मग नॉर्वेचा गुलाबी सॅल्मन मॉलमध्ये येऊन बसला आणि रावसाच्या लेबलावरचं ‘इंडियन’ हे विशेषण अचानक कामाला लागलं. आता ते वाचून वाटतं, सॅल्मनच, फक्त आपल्याकडचा.

नातं किती लांबचं? रावस आणि सॅल्मन यांचा सामाईक पूर्वज साधारण वीस कोटी वर्षांपूर्वीचा. माणूस आणि उंदीर यांचा नऊ कोटींच्या आसपासचा. म्हणजे माणसाला ‘मोठा उंदीर’ म्हणणं हे रावसाला सॅल्मन म्हणण्यापेक्षा निम्म्यानं कमी चूक ठरेल. गंमत अशी की सॅल्मनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक बिनकाट्याचा मऊ मांसल पर असतो. तो रावसाला नाही, पण बोंबलाला आहे, शिंगाळ्याला आहे. खुणेवरूनच नाव ठेवायचं असतं तर ‘इंडियन सॅल्मन’ हा मान बोंबलाला मिळायला हवा होता. त्याला मिळालं ‘बॉम्बे डक’. आणि ते टपालगाडीच्या ‘डाक’वरून आलं ही सुरस कथाही खरी नाही, कारण आपल्याकडे रेल्वे धावली १८५३ मध्ये आणि हे नाव त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात आहे.

आता साहेबावर हसण्याआधी त्याच्या घरची परिस्थिती पाहावी. सॅल्मन आणि ट्राउट ही नावं तरी कुठे वंशावर बेतलेली आहेत? लिनियसनं १७५८ मध्ये एकाच ‘साल्मो’ प्रजातीत दोन्ही बसवले: साल्मो सालार हा अटलांटिक सॅल्मन आणि साल्मो ट्रुटा हा युरोपचा तपकिरी ट्राउट. (प्रजाती म्हणजे इथे मराठी विश्वकोशाच्या अर्थानं, एका गटातल्या अनेक जातींचं घर. वर्तमानपत्रं हिंदीच्या वळणानं एकेका जातीलाच प्रजाती म्हणू लागली आहेत, तो घोळ निराळा.) पुढे प्रशांत महासागराच्या बाजूचा इंद्रधनुषी ट्राउट सापडला. कामचाटकातल्या नमुन्याला १७९२ मध्ये ‘मायकिस’ नाव मिळालं, अमेरिकेतल्याला १८३६ मध्ये ‘गार्डनेरी’, आणि दीडशे वर्षं तोही साल्मोच होता. १९८९ मध्ये त्याला उचलून ऑन्कोरिंकस प्रजातीत, प्रशांत महासागरातल्या सॅल्मनांच्या पंगतीत बसवलं. म्हणजे अमेरिकेचा ट्राउट तिथल्या सॅल्मनचा सख्खा, आणि युरोपचा ट्राउट युरोपच्या सॅल्मनचा. या दोन घराण्यांची फाटाफूट दोन कोटी वर्षांहून जुनी. ‘ट्राउट’ हे कुळ नव्हेच. ती एक राहणी आहे: गोड्या पाण्यात मुक्काम, अंगावर ठिपके, आकार बेताचा.

ब्रिटनमध्ये तर एकेका तळ्याच्या ट्राउटला वेगळी जात ठरवण्याची हौस होती. ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथरनं त्यांच्या अनेक जाती मांडल्या. हे सगळं एकाच जातीचं रूपवैविध्य आहे असं ठणकावून सांगितलं ते फ्रान्सिस डे यानं, ‘ब्रिटिश अँड आयरिश साल्मोनिडी’ या १८८७ च्या पुस्तकात. हा डे म्हणजे मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर, ज्याचं ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ या काळात निघालं आणि आजही ज्याच्यावाचून भारतीय माशांच्या अभ्यासकाचं चालत नाही. आपल्या खाड्यांमधलं वैविध्य वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाला मायदेशी परतल्यावर ठिपक्यांच्या फरकानं भुरळ पडली नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

बाहेरून दिसणारा फरक आणि आतला फरक यांची गती वेगळी असते, ती अशी. तपकिरी ट्राउटच्या पेशीत ८० गुणसूत्रं, युरोपातल्या अटलांटिक सॅल्मनच्या पेशीत ५८. आकड्यांवरून वाटेल की हे कुठले नातलग! पण सॅल्मनकडे गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन कमी झाली. मजकूर बराचसा तोच, खंड कमी. इतकं असूनही नदीत दोघांचे संकर होतात.

मजकुरातली अक्षरं बदलण्याचा वेग मोजता येतो. माणसाच्या बाळात आई-बाप दोघांतही नसलेले असे साधारण साठ-सत्तर नवे फेरफार असतात, तीनशे कोटी अक्षरांच्या पोथीत. अटलांटिकमधल्या हेरिंग माशाचा दर २०१७ मध्ये मोजला, तो दर अक्षरामागे माणसाच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतका भरला. दर स्थिर आहे असं धरलं तर फरक मोजून फाटाफुटीचा काळ काढता येईल, ही कल्पना एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६० च्या दशकात मांडली. तिला रेण्वीय घड्याळ म्हणतात. त्याच्या दहाएक वर्षं आधी मॉरिस स्वॉडेश या भाषाशास्त्रज्ञानं शब्दांचं घड्याळ लावलं होतं. ‘पाणी’, ‘डोळा’, ‘मासा’ अशा रोजच्या शब्दांची यादी करायची आणि हजार वर्षांत त्यांतले चौदा टक्के बदलतात असं धरून दोन भाषा कधी वेगळ्या झाल्या ते काढायचं. दोन्ही घड्याळं मागे-पुढे चालतात असं लवकरच उघड झालं. जीवशास्त्रज्ञांनी आपलं दुरुस्त करून वापरात ठेवलं. भाषाशास्त्रातलं बहुतेकांनी माळ्यावर टाकलं, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. शब्द बदलतो त्याचं कारण काळ नसतो, शेजारी असतो.

‘मासा’च घ्या. संस्कृत मत्स्य, प्राकृत मच्छ, मराठी मासा. प्राकृतातल्या ‘छ’चा मराठीत ‘स’ किंवा ‘श’ होणं ही या भाषेची ठरलेली चाल: हिंदीत छुरी, मराठीत सुरी. संस्कृत इक्षु, प्राकृत उच्छु, मराठी ऊस. हिंदी खेतासमोर आपलं शेत, मक्खीसमोर माशी. ज्यूल ब्लॉकच्या ग्रंथात (वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ म्हणून आणला) ही सगळी वंशावळ मांडलेली आहे. आता ‘मच्छी’ पाहा. मच्छीमार, मच्छीबाजार, सुकी मच्छी. या शब्दातला ‘च्छ’ जसाच्या तसा उभा आहे. मराठीच्या घरातून तो आला असता तर ‘स’ होऊन आला असता. ज्याच्या अंगावर घराण्याचा फेरफार नाही तो बाहेरचा, हा निकष माशांच्या वंशावळीत लागतो तसाच इथे लागतो. ‘मच्छी’ हिंदी-गुजराती बाजारातून आलेली आहे.

सॅल्मन-ट्राउटच्या घराण्यात आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी आणखी एक प्रकार घडला. त्यांच्या पूर्वजाचा सगळाच्या सगळा जनुकसंच दुप्पट झाला. प्रत्येक जनुकाची जादा प्रत हाताशी आली, त्यामुळे एक प्रत जुनं काम करत राहिली तरी दुसरीला बदलायची मोकळीक मिळाली. कित्येक प्रती निकामी झाल्या, काहींना नवं काम लागलं. मराठीनं संस्कृतातून शब्द दुसऱ्यांदा उचलले तेव्हा असंच झालं. ‘शेत’ घरात होतंच, वर ‘क्षेत्र’ही आलं. शेतात नांगर राहिला, क्षेत्री यात्रा भरू लागली, आणि आता तर कार्यक्षेत्र, क्रीडाक्षेत्र, क्षेत्रफळ. ‘मासा’ ताटात, ‘मत्स्य’ अवतारात आणि सरकारी खात्यात.

सॅल्मनचं आणि मराठीचं नातं जोडणारी एक जुनी अटकळ आहे, ती सांगितल्यावाचून ही चर्चा पुरी होणार नाही. इंग्रजीतला ‘सॅल्मन’ लॅटिन. पण जर्मनमध्ये या माशाला लाक्स म्हणतात, नॉर्वे-स्वीडनमध्ये लक्स, लिथुआनियनमध्ये लाशिशा, रशियनमध्ये लोसोस. न्यूयॉर्कमधले यहुदी खातात तो ‘लॉक्स’ही तोच. एवढ्या भाषांत शब्द एक, तर तो आद्य इंडो-युरोपीय भाषेत असणार. आणि अटलांटिक सॅल्मन चढतो तो बाल्टिकला आणि अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत, काळ्या समुद्राच्या नद्यांत नाही. तेव्हा आद्य आर्यभाषकांचं घर बाल्टिककाठी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा युक्तिवाद गाजला. मग मध्य आशियातल्या वाळवंटात सापडलेल्या तोखारी हस्तलिखितांत ‘लक्स’ मिळाला, अर्थ नुसता ‘मासा’. आणि १९५० च्या दशकात पाउल थीमे या संस्कृत पंडितानं पुढची उडी मारली. संस्कृतातला ‘लक्ष’ म्हणजे शंभर हजार, तो नदीत दाटीवाटीनं चढणाऱ्या अगणित सॅल्मनांवरून. आणि ‘लाक्षा’ म्हणजे लाल राळ, ती सॅल्मनच्या तांबूस मांसावरून. मासा विसरला गेला, संख्या आणि रंग उरले.

मराठीत या दोन्ही शब्दांची लाखच झाली. लाख रुपये आणि लाखेच्या बांगड्या. विदर्भात लाखेची डाळ म्हणजे तिसरीच लाख. देवाला फुलांची लाखोली वाहतात, शेजाऱ्याला शिव्यांची. थीमेचं खरं असतं तर लखपती, लाखोली आणि पांडवांचं लाक्षागृह या सगळ्यांच्या मुळाशी एक मासा निघाला असता. मोह पडावा असंच हे आहे. पण पुरावा नाही. लाक्षा अथर्ववेदात आहे खरी, पण तिथे ती औषधी आहे. तिचा ‘राक्षा’ हा पर्यायही कोशांत मिळतो आणि रंगवणे या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूशी ती जोडता येते. माशाची गरज पडत नाही. थीमेचा तर्क फार थोड्यांनी मान्य केला.

बाल्टिकच्या घराचा पाया खचला तो मात्र ट्राउटमुळे. १९८५ मध्ये रिचर्ड डीबोल्ड यांनी सॅल्मन-ट्राउटची सगळी जुनी नावं तपासून दाखवलं की मूळ शब्दाचा अर्थ अटलांटिक सॅल्मन नसून ट्राउट असावा. कॉकेशसमधल्या ओसेती भाषेत ‘लॅसॅग’ आहे आणि तिथल्या नद्यांत समुद्रातून चढणारा ट्राउट आहे. काळ्या समुद्राभोवती ट्राउट आहेतच. लोक उत्तरेकडे सरकले, तिथे मोठा मासा भेटला, आणि त्यांनी त्याला ओळखीचं नाव दिलं. साहेबानं मुंबईत रावसाला दिलं तसंच. ‘सॅल्मन’ म्हणजे सॅल्मनच असं धरून काढलेल्या मातृभूमीचा पत्ता चुकला.

तेव्हा मासे आणि नावं यांच्या वंशावळी एकमेकींवर ठेवून जुळवू नयेत. नवी मुंबईतच पाहा. आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’: मासळीची मासली, कोंबडीची कोंबरी. पामबीच रस्त्याच्या एका बाजूला घोळ, दुसऱ्या बाजूला घोल. इंग्रजी मत्स्य-अहवालांत दाढ्याचं नाव ‘दारा’ छापलेलं असतं, त्यामागे कुठल्या तरी धक्क्यावर ऐकलेला असाच उच्चार असावा. हे बदल नियमानं होतात आणि एकदा नियम कळला की मूळ शब्द हुडकता येतो. बाजारातले बदल नियम जुमानत नाहीत. सरंग्याचं पापलेट झालं, मुडदुशीची लेडीफिश झाली, कोळंबी हॉटेलात शिरताना प्रॉन्स होते. ‘पापलेट’ हा ‘पॉम्फ्रेट’चा अपभ्रंश म्हणून काही जण नाक मुरडतात. पण ‘हॉब्सन-जॉब्सन’ काढून पाहिलं तर मूळ पोर्तुगीज ‘पाम्पानो’ आणि जुनी इंग्रजी रूपं ‘पँप्ली’, ‘पँप्लेट’ अशी ‘ल’कारी आहेत. ‘र’ घुसला तो साहेबाच्या तोंडात. आपलं पापलेट जुन्या रूपाला अधिक जवळचं आहे.

जिताड्याचं प्रकरण सर्वांत ताजं आणि पनवेल-पेण-अलिबाग पट्ट्याच्या अभिमानाचं. खाजणातला, खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात राहणारा हा मासा रायगडात साहेबलोकांना भेट द्यायचा मासा म्हणून प्रसिद्ध आहे. तो नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाला की मादी होतो. रावसाचंही तसंच. शास्त्रात तो लेट्स कॅल्कॅरिफर, बंगालीत भेटकी, आणि महागड्या हॉटेलांत ‘बॅरामंडी’. बॅरामंडी हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या आदिवासी भाषेतला शब्द, अर्थ ‘मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा’. तिथेही तो आधी साराटोगा नावाच्या वेगळ्या माशांनाही लावत. १९८० च्या दशकात विक्रीसाठी तो या एकट्याच्या नावावर चढवला गेला.

त्यानंतर जनुकांची मोजणी झाली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी तिथले आणि म्यानमारचे नमुने ताडून पाहिले. जात ओळखायला वापरतात त्या सुमारे साडेसहाशे अक्षरांच्या तुकड्यात दोघांचा फरक नऊ-दहा टक्क्यांच्या घरात निघाला. एका जातीच्या आत तो सहसा एक-दोन टक्क्यांवर जात नाही. २०१२ मध्ये श्रीलंका आणि म्यानमारकडच्या माशांना लेट्स लाकडिवा आणि लेट्स उविसारा अशी वेगळी नावं मिळाली. (लाकडिवा म्हणजे सिंहलीत लंका. इथल्या ‘लाक’चा लाखेशी काही संबंध नाही, लाक्सशी तर नाहीच.) २०१६ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून भारतीय उपखंड, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया असे तीन वंश दाखवण्यात आले, वेगळ्या जाती ठराव्यात इतके दूर. तेव्हा पनवेलच्या एखाद्या हॉटेलात ‘बॅरामंडी’ आणि पुढे कंसात ‘जिताडा’ असं छापलेलं दिसलं, तर कंसातलं नाव बिनचूक आहे. कंसाबाहेरचं ऑस्ट्रेलियातल्या माशाचं आहे, आणि तो या खाडीत कधी आलेलाच नाही.